दीड मिनिटाच्या भागातली ताटातूट

मोबाइलच्या उभ्या पडद्यावर एका वाड्याच्या दगडी पायऱ्या दिसतात. सर्वांत वरच्या पायरीवर बाप उभा आहे, त्याच्या मागे तीन तरणे भाऊ आहेत आणि त्यांच्या आडोशाला रेशमी वस्त्रांतली धाकटी बहीण आहे. खाली पावसात थोरली मुलगी गुडघे टेकून बसली आहे. तीन वर्षे सीमेवर राक्षसांशी लढून ती आजच घरी परतली आहे, आणि घरच्यांचे म्हणणे असे की धाकटीच्या औषधात विष तिनेच कालवले. मुलगी एकदाच विचारते, "बाबा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही?" बाप तोंड फिरवतो. मुलगी तलवार उपसते, स्वतःच्या केसांची बट कापून पायरीवर ठेवते आणि म्हणते, "आजपासून या घराचा आणि माझा संबंध संपला." वीज कडाडते, बापाचा चेहरा जवळून दिसतो आणि भाग संपतो. एवढ्या सगळ्याला दीड मिनिट लागलेले असते.

हा प्रसंग कोणत्याही एका मालिकेतला नाही. चिनी लघुमालिकांमधले असे अनेक प्रसंग एकत्र आटवल्यावर तळाशी जी खरवड उरेल, ती मी येथे मांडली आहे. अशा दोन-चार मालिका पाहिलेल्या माणसाला पुढचे दहा भाग न पाहताही सांगता येतील: विष कोणी कालवले, बापाला सत्य कधी कळेल, भाऊ कोणत्या क्रमाने पस्तावतील. इतके सारे ठरीव असूनही पाहणाऱ्याच्या घशात आवंढा येतो, हे मात्र खरे. या आवंढ्यामागची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात शेकडो वर्षांच्या चिनी कथापरंपरेचा एक धागा आणि अगदी कालपरवाचे फोनचे अर्थकारण असे दोन्ही गुंतलेले आहे.

आधी प्रकाराची ओळख. चिनी भाषेत याला 'दुआनज्यू' म्हणजे आखूड नाट्य म्हणतात. एक भाग एक ते दोन मिनिटांचा असतो, एका मालिकेत साधारण ६० ते १०० भाग असतात, आणि फोन आडवा न करता पाहता यावे म्हणून चित्रीकरणच उभ्या चौकटीत केलेले असते. सगळे भाग सलग पाहिले तर एखाद्या चित्रपटाएवढाच वेळ जातो. फरक इतकाच की तो घोटाघोटाने प्यायचा असतो. २०२४ मध्ये चीनमधल्या या धंद्याची उलाढाल ५ हजार कोटी युआनच्या पुढे गेली आणि त्या वर्षीच्या तिथल्या चित्रपटगृहांच्या तिकीटविक्रीलाही तिने मागे टाकले. झेजियांग प्रांतातल्या हंगद्यान येथे १९९६ पासून उभे राहिलेले प्रचंड चित्रनगर आहे, आणि त्यात जुन्या राजवाड्यांच्या व बाजारपेठांच्या प्रतिकृती आहेत. 'हंग' या अक्षराचा अर्थ आडवा. लघुमालिकांचे चित्रीकरण तिथे इतके वाढले की लोक थट्टेने त्या ठिकाणाला 'शूद्यान' म्हणू लागले, कारण 'शू' म्हणजे उभा.

या मालिकांमध्ये श्रीमंत मालकांच्या प्रेमकथांपासून सासू-सुनांच्या भांडणांपर्यंत सगळे असते. आपला विषय त्यातल्या युद्धकलेच्या आणि अद्भुताच्या शाखेपुरता आहे. तिचीही दोन अंगे आहेत. 'वूश्या' मध्ये 'वू' म्हणजे शस्त्रविद्या आणि 'श्या' म्हणजे दुबळ्यांच्या बाजूने उभा राहणारा बाणेदार माणूस. त्याचे जग 'ज्यांगहू', शब्दशः नद्या आणि सरोवरे, म्हणजे राजाच्या कायद्याबाहेरचे जग, जिथे पंथ, गुरुकुले, भटके तलवारबाज आणि त्यांचे स्वतःचे नियम असतात. 'श्यानश्या' मध्ये हाच योद्धा साधनेच्या पायऱ्या चढत अमरत्वाकडे निघतो. तिथे राक्षस, शाप, पुनर्जन्म आणि आकाशातले महाल येतात. तप, सिद्धी, वर आणि शाप यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला या दुसऱ्या जगात शिरायला फारशी अडचण पडू नये.

आता मूळ मुद्दा. एकमेकांपासून वेगळे होण्यासाठी मराठीत दोन अगदी वेगळे शब्द आहेत आणि या विषयासाठी ते फार सोयीचे आहेत. ताटातूट होते तेव्हा माणसे दूर जातात, पण माया शाबूत असते. जत्रेत हात सुटलेल्या पोराची आणि आईची ताटातूट होते. दुरावा येतो तेव्हा माणसे एकाच छपराखाली, कधी एकाच पंगतीला असतात आणि तरीही मध्ये काहीतरी तुटलेले असते. जुन्या वूश्या कथांचा पाया ताटातूट हा होता. आजच्या लघुमालिकांचा पाया दुरावा हा आहे, मात्र तो दाखवला जातो ताटातुटीच्या भाषेत, म्हणजे तलवार, रक्त, वीज आणि वाड्याचे बंद होणारे दार यांच्या भाषेत.

ताटातुटीची परंपरा किती जुनी आहे, हे पाहण्यासाठी १३ व्या शतकातले, युआन राजवटीतल्या जी जुनश्यांग याचे झाओ घराण्यातल्या पोरक्या मुलाचे नाटक पाहावे. एका दुष्ट सेनापतीने झाओ घराण्यातल्या तीनशे माणसांची कत्तल केली आणि एक तान्हे मूल तेवढे उरले. घराण्याशी इमान राखणाऱ्या एका वैद्याने ते मूल वाचवण्यासाठी त्याच्या जागी स्वतःचा तान्हा मुलगा मृत्यूच्या हाती दिला. वाचलेले मूल पुढे त्याच खुनी सेनापतीचा मानलेला मुलगा म्हणून वाढले आणि वीस वर्षांनी वैद्याने चित्रांच्या एका गुंडाळीवर रंगवलेल्या प्रसंगांच्या आधारे त्याला सत्य सांगितले. या नाटकाची कीर्ती इतकी दूर गेली की १७५५ मध्ये व्होल्तेरने त्यावर बेतलेले फ्रेंच नाटक पॅरिसच्या रंगभूमीवर आले. पुढे १९५० आणि ६० च्या दशकांत हाँगकाँगच्या वृत्तपत्रांत रोज थोड्याथोड्या छापून येणाऱ्या कादंबऱ्यांनी वूश्याला आजचे रूप दिले, आणि त्यांतला सर्वांत मोठा लेखक जिन योंग याचे नायक पाहिले तर त्यांतले बरेच जण बापाविना वाढलेले आढळतात. एकाचा बाप त्याच्या जन्माआधीच मारला गेला. दुसऱ्याचे आईबाप त्याच्या डोळ्यांदेखत गेले. तिसऱ्याला ऐन प्रतिष्ठेच्या शिखरावर कळते की ज्यांना आपण शत्रू मानत आलो, त्या खितान लोकांतच आपला जन्म झाला होता.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: घर बाहेरच्या माणसाने मोडलेले असते. त्यामुळे नायकाच्या मनात घराविषयी शंका नसते, त्याच्यावर ऋण असते, आणि सूड घेणे किंवा सुडापलीकडे जाणे ही त्या ऋणाची फेड असते. आमच्या त्या थोरल्या मुलीचे दुःख वेगळे आहे. तिचे घर जागच्या जागी आहे, चुली पेटलेल्या आहेत, बापाच्या अंगावर ओरखडाही नाही. सीमेवर होती तोपर्यंत तिची नुसती ताटातूट झालेली होती; दुरावा ती उंबरठ्यावर आल्यावर सुरू झाला.

दुराव्याच्या कथेलाही एक जुना पूर्वज आहे आणि तो आपल्या ओळखीचा निघतो. १६ व्या शतकातल्या मिंगकालीन देवकथांमध्ये नेझा नावाचा एक बालवीर येतो. हे नाव बौद्ध ग्रंथांच्या वाटेने चीनमध्ये पोहोचलेल्या नलकूबराचे, म्हणजे कुबेराच्या मुलाचे, बदललेले रूप मानले जाते. आपल्याकडे यमलार्जुन वृक्षांच्या कथेत कृष्ण ज्याला शापातून सोडवतो, तोच हा नलकूबर. नेझा समुद्रातल्या नागराजाच्या मुलाला मारतो. नागराजे त्याच्या आईबापांना शिक्षा करू पाहतात, तेव्हा मुलगा स्वतःच्या देहाचे मांस काढून आईला आणि हाडे काढून बापाला परत करतो. तुमच्यापासून जे मिळाले ते फेडले, आता माझा अपराध तुमच्या माथी नको. पुढे आई गुपचूप त्याचे देऊळ बांधते आणि बाप ली जिंग त्या देवळातली मूर्ती फोडतो. मग गुरू कमळाच्या देठापानांतून मुलाला नवा देह घडवून देतो, आणि नवा देह मिळालेला मुलगा बापाचा जीव घेण्यासाठी त्याच्या मागे धावतो. अखेर एक सिद्ध पुरुष बापाच्या हाती एक मनोरा देतो. त्या मनोऱ्याखाली मुलाला कोंडून बापाला 'बाप' म्हणायला लावले जाते आणि समेट होतो.

देह परत करण्यामागे एक जुना विचार आहे. पितृभक्तीवरच्या प्राचीन चिनी ग्रंथात म्हटले आहे की देह, केस आणि त्वचा ही आईबापांची देणगी आहे, म्हणून तिला इजा न करणे ही पितृभक्तीची सुरुवात होय. मुलीने बापासमोर केस कापणे म्हणजे केवळ वैताग नाही, हे यावरून लक्षात येईल. ती ठेव परत करते आहे. लघुमालिकांचे लेखक हे सगळे प्रत्येक वेळी जाणूनबुजून वापरत असतील असे नाही, पण ते मुरलेले आहे. नेझाच्या कथेतली एक वस्तू मात्र आजच्या मालिकांनी टाकून दिली आहे: तो मनोरा. आज मुलीने घर सोडले की तिला परत आणून बापासमोर वाकवणारी शक्ती कथेत कोणाच्याच हाती नसते, आणि मला वाटते या मालिकांचा सगळा नवेपणा या एका गोष्टीत आहे.

अद्भुताचा उपयोग इथे कसा होतो, हे जरा सावकाश पाहायला हवे. वास्तववादी कौटुंबिक मालिकेत आईबापांचा पक्षपात दाखवायचा तर संवाद लागतात, प्रसंग लागतात आणि कित्येक भाग लागतात. श्यानश्यामध्ये मनातली प्रत्येक गोष्ट वस्तू होऊ शकते. या जगात प्रत्येक साधकाच्या देहात शक्तीचे एक मूळ असते, काहींच्या छातीत जन्मजात दिव्य अस्थी असते. एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला भरवणे, हे आपण बोलण्यात म्हणतो. इथे बाप खरोखरच थोरलीच्या छातीतली अस्थी काढून धाकटीच्या छातीत बसवायला सांगतो. "तुला काय, तू सशक्त आहेस, तू सोसशील" हे वाक्य अनेक घरांतल्या थोरल्या मुलींनी प्रत्यक्षात ऐकलेले असते. मालिका त्या वाक्याची शस्त्रक्रिया करून दाखवते, आणि ते पाहून पाहणारी बाई का हलते याचे उत्तर राक्षसांत शोधण्याची गरज नाही.

काळाचेही तसेच. स्वर्गातला एक दिवस म्हणजे पृथ्वीवरचे एक वर्ष, अशी चिनी कथांतली जुनी समजूत आहे. शिवाय साधक गुहेचे दार लावून वर्षानुवर्षे साधनेला बसतात. त्यामुळे बाप गुहेतून बाहेर येतो तेव्हा त्याच्या लेखी थोडाच काळ गेलेला असतो आणि मुलीचे सारे बालपण संपून गेलेले असते. नोकरीसाठी दूर राहणाऱ्या आईबापांचा आणि गावी आजीजवळ वाढणाऱ्या मुलाचा काळ एकाच वेगाने चालत नाही, हे सांगायला याहून सोपे चित्र मिळणे कठीण.

स्मृतीचा खेळ तर सर्वांत लाडका आहे. चिनी लोकसमजुतीप्रमाणे मेलेल्या जीवाला नव्या जन्माआधी मंग नावाची म्हातारी एक काढा पाजते आणि मागचे सगळे विसरायला लावते. लघुमालिकेतली नायिका तो काढा न पिताच परतते. घरच्यांच्या हातून मरते आणि डोळे उघडते तो कॅलेंडर काही वर्षे मागे गेलेले असते. घर तेच, माणसे तीच, अजून कोणी काहीच केलेले नाही. 'छोंगशंग' म्हणजे पुनर्जीवन नावाचा हा प्रकार दुराव्याचे सर्वांत टोकाचे रूप आहे. आई पंगतीत तिच्या ताटात वाढते आहे, भाऊ थट्टा करतो आहे, आणि ती मात्र मनाने या घरातून केव्हाच निघून गेलेली आहे. घरच्यांना तिचा थंडपणा कळत नाही, आणि ज्या अपराधाची शिक्षा त्यांना होते आहे तो त्यांनी या जन्मी अजून केलेलाच नसतो. तत्त्वज्ञांनी वाद घालावा असा हा प्रश्न आहे, आणि तो दीड मिनिटात उरकला जातो.

आणि रक्त. दोन माणसांच्या रक्ताचे थेंब पाण्याच्या वाडग्यात टाकायचे. ते मिसळले तर नाते खरे. ही कसोटी वैद्यकीयदृष्ट्या निरर्थक असली तरी तिच्यासारख्या परीक्षेला जुन्या चीनमध्ये अधिकृत मान होता. सोंग त्स या न्यायाधिकाऱ्याने १२४७ मध्ये लिहिलेल्या शवपरीक्षेच्या प्रसिद्ध ग्रंथातही मृताच्या हाडांवर रक्ताचा थेंब टाकून नाते ओळखण्याची पद्धत दिली आहे. लघुमालिकेत या वाडग्यात कोणीतरी आधीच काहीतरी मिसळून ठेवलेले असते, म्हणून रक्त मिसळत नाही आणि खरी मुलगी खोटी ठरते. जोडीला अर्धा तुटलेला हिरव्या पाषाणाचा ताईत असतो, खांद्यावर जन्मखूण असते. शकुंतलेची अंगठी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना खुणेची वस्तू हरवणे म्हणजे काय हे सांगायला नको. पण जुन्या कथेत खूण सापडली की कथा संपत असे. इथे खूण सापडते आणि मुलगी म्हणते, "आता तुम्ही मला ओळखलेत, पण मी तुम्हाला ओळखत नाही."

आता थोडे पैशांविषयी, कारण त्यावाचून या भावनेचा आकार कळत नाही. अनेक ॲपवर पहिले दहाएक भाग फुकट असतात आणि त्यापुढे पैसे भरावे लागतात. जिथे फुकटचे संपते त्या जागेला धंद्यातले लोक 'काद्यान' म्हणतात, आणि मालिकेतला सर्वांत मोठा अन्याय नेमका त्या जागेच्या तोंडाशी रचला जातो. अलीकडे जाहिरातींवर चालणारी फुकट ॲपही वाढली आहेत, तरी प्रेक्षक प्रत्येक भागाच्या शेवटी थांबला पाहिजे ही निकड तशीच आहे. याच धंद्याने प्रेक्षकांच्या अनुभवासाठी दोन शब्द रूढ केले आहेत: 'न्युए' म्हणजे पाहणाऱ्याला होणारा छळ आणि 'श्वांग' म्हणजे त्यानंतर मिळणारे मोकळे समाधान. छळ जितका साठेल तितके समाधान मोठे. परका खलनायक पुरेसा छळ करू शकत नाही, कारण त्याच्याकडून आपली काही अपेक्षाच नसते. जवळच्या माणसाने केलेला अन्याय मात्र दर दीड मिनिटाला नव्याने दुखतो, आणि "आता तरी त्याला कळेल" ही आशा दर दीड मिनिटाला नव्याने लांबवता येते. या प्रकाराला घरातला दुरावा इतका का मानवला, याचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे.

उरलेल्या निम्म्यातला काही वाटा चौकटीचा आहे. उभ्या पडद्यावर युद्धाचे मैदान मावत नाही, दोन सैन्ये मावत नाहीत, एका रांगेत पाच माणसे उभी केली तर शेवटच्याचा कान कापला जातो. मावतो तो एक चेहरा, आणि एकाखाली एक अशी दोन माणसे. म्हणून या मालिकांत पायऱ्या इतक्या असतात, गुडघे टेकणे इतके असते, कड्यावरून पडणे इतके असते. आडव्या पडद्यावर दुरावा दाखवायचा तर दोन माणसांमध्ये रिकामी जागा सोडतात; उभ्या पडद्यावर एकाला वर आणि एकाला खाली ठेवतात. अंतराच्या जागी उंची येते, आणि त्याबरोबर प्रेमाच्या प्रश्नात अधिकाराचा प्रश्न आपोआप मिसळतो. याचे श्रेय कोणा दिग्दर्शकाला द्यावे की फोन बनवणाऱ्यांना, हे मला ठरवता आलेले नाही.

घर सोडलेली मुलगी जाते कुठे? वूश्याच्या जगात याचे उत्तर नेहमी तयार असते: गुरूकडे. 'शिफू' हा शब्द ज्या अक्षरांनी लिहितात त्यांतल्या दुसऱ्या अक्षराचा अर्थच बाप असा आहे, आणि एका दिवसापुरता का होईना गुरू झालेला माणूस जन्मभराचा बाप, अशी म्हण चिनी भाषेत आहे. सहाध्यायी एकमेकांना दादा, ताई, धाकटी बहीण अशाच नात्यांनी हाक मारतात. पंथ हे दुसरे कुटुंब असते, रक्ताने न मिळालेले आणि म्हणूनच निवडलेले. मुलींसाठी लिहिलेल्या मालिकांत नायिका बहुधा टाकली गेलेली असते. पुरुषांसाठी लिहिलेल्यांत नायक बहुधा टाकून गेलेला असतो. साधनेसाठी किंवा युद्धासाठी घर सोडून तो महाबली होऊन परततो तेव्हा त्याची बायको दुसऱ्याच्या दारात भांडी घासत असते आणि मुलीच्या अंगावर धड कपडा नसतो. पहिल्या प्रकारात राग असतो, दुसऱ्यात अपराधभाव, आणि दुसऱ्यातला नायक तो अपराधभाव धुण्यासाठी इतकी माणसे मारतो की आपण घर का सोडले होते हा प्रश्न सोयीस्कररीत्या मागे पडतो.

हे सगळे चीनमध्ये, आणि आताच, इतके का चालावे? कारखान्यांच्या शहरांकडे गेलेल्या आईबापांची गावी राहिलेली मुले ही तिथली फार मोठी वस्तुस्थिती आहे. २०१० च्या जनगणनेवर आधारलेल्या अंदाजात अशा मुलांची संख्या ६ कोटींच्या वर होती, आणि २०१६ मध्ये सरकारने व्याख्या अरुंद केल्यावरही ती ९० लाखांच्या आसपास भरली. ती मुले आता मोठी होऊन स्वतः फोन हातात धरतात. दुसरीकडे पितृभक्ती हे मूल्य केवळ पुस्तकात नाही, कायद्यातही आहे. सज्ञान मुलांनी आईबापांचा सांभाळ करणे हे नागरी संहितेने सांगितलेले कर्तव्य आहे, आणि २०१३ मध्ये लागू झालेल्या सुधारित कायद्याप्रमाणे वेगळे राहणाऱ्यांनी वडीलधाऱ्यांना वरचेवर भेटायला वा विचारपूस करायला हवी. जन्मदात्यांशी असलेले नाते कागदावर सही करून संपवता येत नाही. तसा कागद केलाच तर न्यायालयात त्याला किंमत नाही. तरुणांनी नातेवाइकांशी जाणे-येणे बंद करण्याला मात्र अलीकडे 'दुआनछिन', म्हणजे नाती तोडणे, असा शब्दच रूढ झाला आहे. कायदा जे करू देत नाही आणि संस्कार जे बोलू देत नाही, ते श्यानश्यामध्ये रक्ताच्या शपथेने होते: आकाश साक्षीला असते, विजेचा लोळ खाली येतो आणि नाते खरोखर तुटते. अद्भुतावाचून तो कागद निव्वळ कागद राहिला असता.

या मालिकांविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती त्यांच्या भडकपणाविषयी नाही. तक्रार त्या धाकट्या बहिणीविषयी आहे. ती बहुधा मानलेली किंवा अदलाबदलीने आलेली असते, आणि विष, खोटे अश्रू, वाडग्यातली भेसळ हे सगळे तिचेच काम असते. तिचे कारस्थान उघडे पडले की बाप आणि भाऊ रडू लागतात, आणि प्रेक्षकाला वाटते की यांचीही फसवणूकच झाली होती. म्हणजे ज्याने शहानिशा न करता पोटच्या मुलीची छाती फाडायला सांगितली, त्याच्या अपराधाचा भार कथा हळूच एका वीस वर्षांच्या पोरीच्या माथी ठेवते. प्रत्यक्षातल्या घरांत दुरावा येण्यासाठी औषधात विष कालवणारे कोणी लागत नाही. बापाने तोंड फिरवले, एवढे पुरते, आणि पहिल्याच भागात ते बापाने कोणाच्याही मदतीशिवाय केलेले असते.

परतीच्या प्रश्नावरही वास्तव या कथांपेक्षा वेगळे वळण घेते. शानडोंग प्रांतातल्या एका बापाचा दोन वर्षांचा मुलगा १९९७ मध्ये दाराजवळून पळवला गेला. बापाने मुलाचे चित्र छापलेला झेंडा मोटरसायकलला लावून २४ वर्षांत सुमारे ५ लाख किलोमीटर प्रवास केला, आणि २०२१ मध्ये डीएनए चाचणीने मुलगा सापडला. भेटीचे चित्रीकरण साऱ्या देशाने पाहिले. मुलाने मात्र ज्यांनी आपल्याला वाढवले त्यांच्याकडेच राहण्याचा निर्णय घेतला आणि बापाने तो स्वीकारला. इथे कोणी कोणाला पायऱ्यांवर गुडघे टेकायला लावले नाही. कुंती गंगेकाठी जाऊन कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगते, तेव्हा तोही राधेला आणि अधिरथाला सोडून येत नाही. मात्र अर्जुन सोडून बाकीच्या चौघांना मारणार नाही एवढे वचन तो तिला देतो. ओळख पटणे आणि परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये माणसाला बरेच काही देता येते. लघुमालिकेला या मधल्या जागेत थांबायला वेळ नसतो. तिच्याकडे फार तर आणखी तीस सेकंद असतात.

तरीही एक बारकावा या मालिका फार नेमका सांभाळतात, तो म्हणजे हाक मारण्याचा. नाते तोडलेली मुलगी पुढच्या भागापासून बापाला बाबा म्हणत नाही. ती त्याला 'ज्याजू' म्हणजे घराण्याचे प्रमुख म्हणते, आणि आईला 'फूरन' म्हणजे बाईसाहेब. शब्द पुरेपूर आदराचे असतात आणि म्हणूनच ते लागतात. बाप दचकतो, भाऊ एकमेकांकडे पाहतात, आणि पाहणाऱ्याला कळते की केसांची बट कापली तेव्हा जे तुटले नव्हते ते आता तुटले. आपल्याकडच्या फोनवर यांतल्या काही मालिका हिंदी आवाज चढवून येतात. उद्या कोणाला त्या मराठीत आणायच्या झाल्या, तर बापाच्या बाबतीत अडचण येईल, कारण बऱ्याच घरांत बापाला 'तुम्ही' च म्हणतात आणि नवा दुरावा दाखवायला जागा उरत नाही. आईच्या बाबतीत मात्र मराठी चिनी भाषेच्याही पुढे जाईल. बाईसाहेब म्हणण्याचीसुद्धा गरज पडणार नाही, जन्मभर आईला 'तू' म्हणत आलेली मुलगी उंबरठ्याबाहेर उभी राहून फक्त एवढेच म्हणेल, "आपण आत जा, पाऊस वाढतो आहे."